घटकाभर थांबलो असतो तर!

२०१९ च्या एप्रिलात लेकीने हट्टाने पैसे भरले आणि मी व आमच्या सौ. चीनच्या सहलीला जाऊन आलो. सहा दिवस आणि पाच शहरे: शांघाय, नानजिंग, वूशी, सूचौ आणि हांगचौ. सगळा प्रवास बसचा. पहाटे साडेपाचला दारावर थाप, सहाला सामान बसमध्ये, आणि मग दिवसभर झेंडी धरलेल्या मार्गदर्शक मुलीमागे पळापळ.

नानजिंगचा मिंग राजवटीतला कोट अर्ध्या तासात उरकला. यांगत्से नदीवरचा १९६८ सालचा दुमजली पूल, वर रस्ता आणि खाली आगगाडी, लांबूनच पाहिला. लहानपणी भोज्याला शिवून परत पळायचो, तसा सगळा प्रकार.

सूचौ म्हणजे रेशमाचे जुने माहेरघर. तिथे रेशमाच्या दुकानात मात्र दीड तास थांबलो! पण एक गोष्ट कामाची दिसली. दोन अळ्यांनी मिळून केलेल्या जोड कोषाचे धागे गुंततात, सरळ सूत निघत नाही. आपल्याकडे असे कोष बाजारात वेगळे काढतात, भावही कमी मिळतो. तिथे बाया तेच कोष पाण्यात भिजवून हाताने ताणतात, थरावर थर देतात आणि त्याची ऊबदार रजई करतात.

दुसऱ्या दिवशी हांगचौला निघालो. वाटेत हूचौचा मुलूख लागला आणि मी खिडकीला चिकटलो. तळी, तळ्यांच्या बांधांवर तुती! कॉलेजात शिकलो होतो ते डोळ्यांसमोर. तुतीचा पाला अळ्यांना, अळ्यांची विष्ठा तळ्यातल्या माशांना, आणि तळ्यातला गाळ उपसून पुन्हा तुतीच्या बुडाशी. काही म्हणता काही वाया जात नाही. या पद्धतीला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक कृषी वारसा मानले आहे.

मी उठून पुढे गेलो. म्हटले, "बाई, दहा मिनिटे बस थांबवा."

तिने हसून घड्याळ दाखवले. पुढे चहाच्या दुकानाची वेळ ठरलेली होती.

"अहो, बसा खाली," सौ. म्हणाल्या. मी बसलो, पण ते घड्याळ काही डोळ्यांपुढून हलेना. कारण तसेच घड्याळ मीही एकदा दाखवले होते.

दहा वर्षांपूर्वी चाळीस शेतकऱ्यांना तुती दाखवायला नेले होते. दोन दिवसांत सात ठिकाणे. अहवालात सात आकडा बरा दिसतो! एका संगोपनगृहात आमच्या तालुक्यातली एक बाई म्हणाली, "सायेब, पाला तोडून कसा ठेवत्यात, त्या ताईला इचारू द्या की." मी घड्याळ दाखवले, "चला, उशीर होतोय."

बाईने अर्धा एकर तुती लावली. पहिल्याच बॅचला पाला भर दुपारी तोडला, त्याचा ढीग घातला. सुकलेला, तापलेला पाला खाऊन अळ्या रोगाने गेल्या. पाला सकाळच्या गारव्यात तोडावा, सावलीत ओल्या गोणपाटाखाली सैल ठेवावा, एवढेच त्या ताईने सांगितले असते. पाच मिनिटांचे काम. बाईने कर्ज फेडले आणि तुती उपटून टाकली.

परत आल्यावर मी तिच्या घरी गेलो. चूक माझी होती, हे सांगितले. तिने ऐकून घेतले, थोडा वेळ गप्प राहिली. मग चुलीवर चहाचे आधण ठेवत म्हणाली, "झालं ते झालं, सायेब. आता तरी घटकाभर बसा."

बसलो. तेव्हापासून आमच्या सहलीत दिवसाला एकच शेत असते, आणि शेवटचा तास शेतकऱ्यांच्या प्रश्नांचा. त्या तासात मी घड्याळ खिशात ठेवतो. शेतकरी बंधू-भगिनींनो, तुमच्या सहलीत कुणी साहेब घाई करू लागला, तर खुशाल बसून राहा. प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका.