वामेच्या जबड्यांतली कोळंबी

कोळंबीचें नुसतें नांव निघालें तरी आमच्या घरीं काकू नाकाला पदर लावतात. तेव्हां तिच्या दर्शनासाठीं आम्ही कोचीहून विमानानें लक्षद्वीपांतील अगत्ती बेटावर गेलों, ह्याचें त्यांना नवल वाटलें यांत आश्चर्य नाहीं. बेट चिंचोळें, माडांनीं भरलेलें. पश्चिमेस संथ हिरवें पाणी आणि त्यापलीकडे प्रवाळांची भिंत.

पाठीवर हवेचें नळकांडें बांधून त्या भिंतीच्या बाहेरच्या उतारावर आम्ही उतरलों. एका कपारींत बोटाएवढ्या दोन कोळंब्या उभ्या होत्या. पाठ तांबडी भडक, तिच्या मधोमध भांग पाडावा तशी पांढरी रेघ, आणि सारख्या हालणाऱ्या लांब पांढऱ्या मिशा. ह्या मिशा म्हणजे जणूं दुकानाची पाटीच! एक हेकरू मासा आला आणि तोंड वासून निश्चल राहिला. कोळंबी खुशाल त्याच्या कल्ल्यांत शिरली, व तेथील परोपजीवी किडे आणि मेलेली कातडी वेंचून खाऊं लागली. मागून एक वाम आली. इतर कोळंबीला ती एका घांसांत गिळती. हिच्यापुढें मात्र न्हाव्यापुढें मान द्यावी तसा तिनें जबडा दिला! माशाचा रोग जातो, हिचें पोट भरतें. तरी तो जबडा मिटत कसा नाहीं, हें पाहतांना आमचाच श्वास अडखळला.

हिचें शास्त्रीय नांव 'लायस्माटा अंबोइनेन्सिस'. इंडोनेशियांतील अंबोन बेटावरून तें पडलें. ही प्रथम नर असते आणि पुढें नर व मादी दोन्ही होते. जोडींतील प्रत्येकीला अंडीं होतात. अर्थात् सासर कोणाचें हा तंटा तेथें नाहीं. पिलें मात्र कित्येक महिने समुद्रांत तरंगत वाढतात. त्यामुळें कृत्रिम टाक्यांत त्यांची पैदास करणें फार कठीण. शोभेच्या काचपेट्यांसाठीं विकल्या जाणाऱ्या बहुतेक कोळंब्या म्हणूनच समुद्रांतूनच धरून आणलेल्या असतात. दिवाणखान्याच्या शोभेसाठीं माशांचा वैद्य पळवावा, हें आम्हांला तरी रुचलें नाहीं.

त्याहून मोठें संकट पाण्याच्या उष्णतेचें. १९९८, २०१० आणि २०१६ सालीं समुद्र तापल्यामुळें लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडले व पुष्कळसे मेले. परततांना वाटाड्यानें आम्हांला अशीच एक मेलेली कड दाखविली. खडक राखेच्या रंगाचा, शेवाळानें माखलेला, कपारी ढांसळलेल्या. तेथें तोंड वासून थांबलेला एकहि मासा आम्हांस दिसला नाहीं.