उतरलेली पट्टी

गायक म्हातारा होतो, हे रॉक संगीताने जन्माला येताना हिशेबात धरलंच नव्हतं. विशीतल्या पोरांनी विशीतल्या पोरांसाठी केलेलं ते संगीत. त्यातली चढी गाणी त्या वयाच्या गळ्याच्या मापानेच बेतलेली. पुढे त्या पोरांची साठी आली, सत्तरी आली. गाणी मात्र होती तिथेच, वर राहिली.

पुण्यात कॉलेजला असताना आमच्या हाती एक कॅसेट आली. कॉपीवरून कॉपी केलेली, वर बॉलपेनने नुसतं 'डीप पर्पल' लिहिलेलं. तिच्यात 'चाइल्ड इन टाइम' होतं. गाणं दहा मिनिटांचं. इयन गिलन हळू, जवळजवळ कुजबुजत सुरुवात करतो. मग शब्द सोडून देतो, नुसत्या स्वरावर एकेक पायरी चढत जातो आणि शेवटी चक्क किंचाळतो, पण सुरात. १९७० साली हे गाणं आलं तेव्हा त्याला पंचविसावंही पूर्ण झालं नव्हतं. होस्टेलच्या गच्चीवर मी तो वरचा स्वर लावायला जायचो आणि खालच्या मजल्यावरून शिव्या यायच्या.

हा स्वर येतो कुठून? पुरुषाच्या गळ्यातले स्वरतंतू जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीचे. चढा स्वर लावला की ते सेकंदाला चारशे-पाचशे वेळा एकमेकांवर आपटतात. वय वाढतं तसा त्यांच्यातला स्नायू झिजतो, लवचिकपणा जातो, दोन तंतू नीट मिटेनासे होतात आणि मधल्या फटीतून हवा निसटते. स्वरयंत्राच्या कूर्चा कडक होतात, दमही पूर्वीइतका साठत नाही. म्हणून लांबवलेला स्वर थरथरतो आणि वरचा फाटतो. बॉन जोव्हीच्या 'लिव्हिन ऑन अ प्रेयर'चं (१९८६) शेवटचं ध्रुवपद आणखी दीड सूर वर उडी घेतं. ती उडी वर्षानुवर्षं घेणाऱ्या जॉन बॉन जोव्हीचा एक स्वरतंतू झिजला. २०२२ साली त्याला शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, तेव्हा तो साठीचा होता. गिलननेही २००२ नंतर 'चाइल्ड इन टाइम' मंचावर गाणं बंद केलं. मला हळहळ वाटली, पण निर्णय शहाणपणाचा होता.

२००३च्या एप्रिलमध्ये रोलिंग स्टोन्स मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर आले. मिक जॅगर तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर. त्याला ऐकताना लक्षात आलं, की हा माणूस स्वर धरून ठेवायच्या भानगडीत फारसा पडतच नाही. शब्द तालावर फेकतो, अर्धा गातो, अर्धा बोलतो, बाकीचं अंगाने भागवतो. विशीतही तो असाच गायचा. म्हणूनच ऐंशीव्या वर्षी 'हॅकनी डायमंड्स' हा अल्बम आला, तरी आवाज ओळखीचाच निघाला. ज्याने गळ्याची तिजोरी कधी पूर्ण उघडलीच नाही, त्याची शिल्लक टिकली.

रॉबर्ट प्लँटचं तसं नव्हतं. लेड झेपेलिनमध्ये त्याने सगळं उधळून टाकलं. २००७च्या डिसेंबरमध्ये लंडनला ते पुन्हा एकदा एकत्र आले, तेव्हा तो ५९ वर्षांचा होता. काही गाणी खालच्या पट्टीत घेतली होती, आणि तरीही ती दमदार झाली. लोकांना वाटलं, आता जगभर दौरा होणार. पण प्लँट दौऱ्यावर गेला तो गायिका ॲलिसन क्रॉसबरोबर. त्यांच्या 'रेझिंग सँड'ला २००९ साली वर्षातल्या सर्वोत्कृष्ट अल्बमचं ग्रॅमी मिळालं. त्या दौऱ्यात दोघं 'ब्लॅक डॉग' गायचे. १९७१ साली हेच गाणं प्लँट एकट्याच्या गळ्याने फोडायचा आणि मागून गिटार कोसळायची. आता गिटारच्या जागी बँजो, चाल संथ, आवाज खाली आणि शेजारी क्रॉसचा सूर. मला ते मूळ गाण्याइतकंच आवडतं, आणि ते तरुणपणी त्याला जमलं नसतं असंही वाटतं.

आपल्याकडे हे नवीन नाही. सवाई गंधर्व महोत्सवात सत्तरी ओलांडलेले मल्लिकार्जुन मन्सूर गायला बसत, तेव्हा चाळीस वर्षांपूर्वीसारखं गा, असं त्यांना कोण म्हणणार? रागाला ठरलेली पट्टी नसते. गवय्या आपला षड्ज आपल्या गळ्याप्रमाणे लावतो आणि वयाबरोबर तो थोडा उतरला तरी राग तोच राहतो. रॉकचं गाणं मात्र रेकॉर्डने बांधून टाकलं. तीच पट्टी, तोच श्वास, तीच किंकाळी लाखो लोकांच्या कानात पक्की बसली आणि गायकाला आयुष्यभर स्वतःच्याच विशीशी स्पर्धा लागली.

फ्रेडी मर्क्युरी या स्पर्धेतून सुटला, पण पंचेचाळिसाव्या वर्षी, १९९१ साली गेला म्हणून. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या त्या मुलाचा आवाज कधी म्हातारा झालाच नाही. जॉन लेननचाही नाही. २०२२ साली ग्लॅस्टनबरीच्या मंचावर पॉल मॅकार्टनी १९६९च्या चित्रफितीतल्या लेननबरोबर गायला. पडद्यावरचा लेनन २८ वर्षांचा, खाली नुकतीच ऐंशी पूर्ण केलेला पॉल. एक आवाज ताजा, दुसरा सुकलेला. मी पुन्हा पुन्हा ऐकतो तो दुसरा. पहिला पुढे काय करणार, ते मला पाठ आहे.

आता मित्रांच्या बैठकीत कोणी गिटार काढली की मी आधीच सांगतो, दोन सूर खाली घे. कोणी हसत नाही. सगळ्यांचीच पट्टी उतरली आहे. तेव्हा एखादा सत्तरीतला रॉक गायक आपल्याकडे आला, तर जरूर जा. त्याने वरचा स्वर टाळला किंवा लोकांकडून गाऊन घेतला, तर नाक मुरडू नका. त्या स्वराची रेकॉर्ड घरी आहेच, ती ऐकायला तिकीट काढावं लागत नाही.