अर्नाळ्याच्या किनारी एक दिवस

सुगी आटोपली, रब्बीची पहिली पाणी देऊन झाली की चारदोन दिवस उसंत मिळते. अशा वेळी मुलाबाळांना घेऊन कुठे जावे, असा प्रश्न घरोघरी पडतो. देवदर्शन तर होतेच. पण यंदा एक दिवस समुद्रासाठी काढा. पालघर जिल्ह्यातील विरारला उतरा. पश्चिमेकडून आगाशीमार्गे अर्नाळ्याला बस जाते, रिक्षाही मिळतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. ऊन सोसवते आणि परदेशचे पाहुणे किनाऱ्यावर उतरलेले असतात.

निघण्यापूर्वी पंचांग पाहा. मुहूर्तासाठी नव्हे, भरतीसाठी! या किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा : तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, पंचमीला पावणेचारला. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. म्हणजे चतुर्थी-पंचमीला सकाळी नऊ-दहाच्या सुमारास पाणी पार मागे हटलेले असते. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशेब तोच. पक्षी पाहायला हीच वेळ बरी. पाणी पुन्हा चढू लागले की दूर चिखलात चरणारे पक्षी आपसूक किनाऱ्याकडे सरकतात. त्यांच्या मागे धावू नका, बसून राहा. तेच जवळ येतील.

अर्नाळ्याहून दक्षिणेकडे नवापूर, राजोडी, कळंब अशी गावे लागतात. डावीकडे सुरूची झाडे, उजवीकडे समुद्र. जमेल तितके चालावे. ओल्या वाळूवर वाटाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसेल. ती इवल्या खेकड्यांची करामत. वाळू तोंडात घेऊन तिच्यातले अन्न तेवढे खायचे आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकायची. खाडीच्या तोंडाशी तिवरांच्या मुळांत निवट्या उड्या मारतात. मासा असून चिखलावर चालतो, म्हटल्यावर मुले तिथून हलायची नाहीत.

पाण्याच्या कडेने पांढऱ्या-करड्या पक्ष्यांचे थवे बसलेले असतात, ते कुरव. त्यांतले काही रशियाच्या अगदी उत्तरेकडून येतात, काही लडाख-तिबेटच्या तळ्यांवरून. लाटेच्या पुढे-मागे तुरुतुरु पळणारे चिमुकले चिखले. लांब वाकड्या चोचीने चिखल उकरणारा कुरल. माशावर झडप घालणारा सुरय. कोळीवाड्यात मासळी वाळत घातलेली असते, तिच्यावर तांबूस अंगाची, पांढऱ्या डोक्याची घार घिरट्या घालते. कुरवांना शेव-गाठी टाकू नका. शहरातून आलेले लोक हौसेने टाकतात. पण हजारो कोस उडणाऱ्या पाखराला आपले तळण काय कामाचे? गाडी वाळूवर उतरवू नये, हेही सांगायला हवे.

होडी मिळाली तर समोरच्या बेटावर जाऊन या. वैतरणेच्या मुखाशी हे बेट आहे. 1737 साली मराठ्यांनी ते पोर्तुगीजांकडून घेतले आणि पहिल्या बाजीरावांच्या काळात किल्ला नव्याने उभा राहिला. दरवाजावर हत्ती-वाघांची शिल्पे आणि बाजीरावांचे नाव असलेला शिलालेख आहे. दोन वर्षांनी, 1739 मध्ये, चिमाजी आप्पांनी वसईचा कोट जिंकला, तो इतिहास तुम्हाला ठाऊकच आहे. पण शेतकऱ्याने इथे तटापेक्षा पाणी पाहावे. चहूकडे खारा समुद्र आणि आत किल्ल्यात गोड्या पाण्याचे अष्टकोनी तळे!

हे कसे होते? पावसाचे पाणी जमिनीत मुरते. ते समुद्राच्या पाण्याहून हलके, म्हणून खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर खाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी असते. आता उलट हिशेब करा. उपसा वाढून वरची पातळी एक फूट खाली गेली, की खालून खारे पाणी कालांतराने चाळीस फूट वर येऊ शकते. विहीर आटलेली दिसत नाही. पाणी असते, पण केळीची पाने कडेने करपू लागतात.

वसईच्या हिरव्या पट्ट्यात हे दुखणे शिरले आहे. केळी, पानवेली, फुले आणि भाजी यांवर ही गावे जगली. पूर्वी विहिरींवर रहाट फिरत. रहाट पाणी काढी तेही बेताने. पुढे पंप आले, इमारती आल्या, विहिरींवर टँकर लागू लागले. 2011 च्या जनगणनेत वसई-विरार शहराची वस्ती बारा लाखांवर गेली होती. हरित वसई संरक्षण समितीच्या वतीने फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी जमीन-पाण्याचा हा प्रश्न वर्षानुवर्षे मांडला. 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. 2024 साली त्यांचे निधन झाले. आज सूर्या धरणाचे पाणी शहराला मिळते खरे. पण एकदा खारावलेली विहीर चांगले पावसाळे आणि आवरलेला उपसा यांशिवाय सुधारत नाही. पाणथळीत भराव पडला की चिखल जातो, आणि चिखल गेला की कुरल कशासाठी उतरेल?

रानही इथून लांब नाही. पूर्वेला तुंगारेश्वरचे अभयारण्य आहे. 2024 च्या मार्च-एप्रिलमध्ये तर वसईच्या किल्ल्यातच बिबट्या मुक्कामाला होता. वनखात्याने पिंजरा लावून पकडेपर्यंत जवळपास महिना गेला!

परतताना आगाशीला उतरून सुकेळीची चौकशी करा. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात आणि केळीच्या सुक्या पानात बांधतात. मधासारखी गोड लागतात आणि टिकतातही. करणारी घरे आता थोडीच राहिली आहेत, तेव्हा भावात फार घासाघीस करू नका.