नव्वद पॉईंट तीनचं देणं

सिएटलला नोकरीसाठी गेलो तेव्हा रॉकशी माझी ओळख कॉलेजातल्या दोनचार कॅसेटींपुरती. ऑफिसातल्या एकानं माझ्या जुन्या गाडीच्या रेडिओवर ९०.३ लावून दिलं. स्टेशनचं नाव केईएक्सपी. रोज तरंगत्या पुलावर गाड्या खोळंबायच्या, आणि माझं शिक्षण व्हायचं.

हे स्टेशन मुळात वॉशिंग्टन विद्यापीठातल्या चार विद्यार्थ्यांनी १९७२ साली काढलेलं, तेव्हाचं केसीएमयू. ताकद १० वॅट. आपल्याकडचा झिरोचा दिवा असतो ना, जवळपास तेवढीच. ऐंशीच्या दशकात तिथे हौसेनं रेकॉर्डी लावणाऱ्यांपैकी ब्रूस पॅविट आणि जॉनथन पोनमन यांनी पुढे सब पॉप कंपनी चालवली, 'निर्वाना' बँडची पहिली रेकॉर्ड बाजारात आणली. स्टेशनवरचाच किम थायिल 'साउंडगार्डन' बँडचा गिटारवादक. त्याचे आईवडील केरळचे, हे कळल्यावर मला उगाच कॉलर ताठ करावीशी वाटली.

१९९२ च्या सुमारास व्यवस्थापनानं बाहेरचा तयार कार्यक्रम आणून बसवला, तर निवेदक आणि श्रोते भांडले, कोर्टापर्यंत गेले. गाण्यांवरून पेटलेल्या भांडणासाठी कोर्ट! पण मी आयतं ऐकत होतो ते या भांडकुदळांमुळेच. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टवाल्या पॉल ॲलनच्या मदतीनं केईएक्सपी झालं, तरी गाणी निवेदकच निवडत राहिले. नव्या पोरांच्या बँडला खेटून नायजेरियाचा फेला कुटी वाजायचा. 'ऑडिओएसिस' या कार्यक्रमात फक्त अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातले बँड. काय वाजतंय ते वेबसाइटवर त्याच क्षणी दिसे, म्हणून माझ्यासारख्या नवशिक्याला कोणापुढे अज्ञान उघडं करावं लागलं नाही.

खरं देणं मात्र एका सकाळचं. सकाळचा निवेदक जॉन रिचर्ड्स दर वर्षी एक दिवस गेलेल्या आयांसाठी ठेवतो. त्याची स्वतःची आई गेल्यापासून. श्रोते आपापल्या आईबद्दल लिहितात, तो वाचतो, गाणं लावतो. माझी आई साताऱ्याला वारली तेव्हा मी अंत्यदर्शनाला पोचलो नव्हतो. त्या सकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी बंद न करता ऐकत बसून राहिलो. आकाशवाणीवरच्या 'आपली आवड'मध्ये गावोगावची नावं ऐकत आई भाकऱ्या थापायची. इथे परक्या आयांची नावं येत होती. मी काही लिहून पाठवलं नाही. पण साताऱ्याहून परतल्यावर न आलेलं रडू तिथे आलं.

आता पुण्यात आहे. सिएटलचे सकाळचे सात म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. कुकर लावता लावता ऐकतो. स्टेशनचा बराचसा खर्च श्रोतेच उचलतात, त्यामुळे दर महिन्याला माझ्या कार्डावरून थोडे डॉलर जातात. बायको त्याला हप्ता म्हणते आणि कर्ज कधी फिटणार विचारते. मी सांगतो, फेडायला कोण बसलंय?