मेघदूत आणि पाठदुखी

एम. ए.ला आम्हांला मेघदूत होते. कालिदासाची यक्षपत्नी स्तनांच्या भाराने किंचित वाकलेली आहे, आणि त्या वाकण्याच्या सौंदर्यावर मी परीक्षेत दोन पाने लिहून आलो होतो. पुढे माझ्याच घरात एक बाई बावीस वर्षे तशीच वाकून वावरली. तिथे मला सौंदर्य दिसले नाही आणि दुःखही दिसले नाही. दिसली ती फक्त पाठदुखी.

पाठदुखीवर म्हणाल ते केले. निर्गुडीचे तेल झाले, पट्टा झाला, कॅल्शियमच्या गोळ्या झाल्या, गादीसुद्धा बदलली. उन्हाळ्यात सौभाग्यवती छातीखालच्या घडीत पावडर घालायची, तिथली कातडी लाल होऊन सोलवटायची. मी समजत होतो, घामोळे आहे.

२०२२ साली फिजिओथेरपी शिकणारी आमची मुलगी सुटीला आली. आईच्या खांद्यांना तेल लावताना तिला दोन्हीकडे पट्ट्यांनी पडलेले खोल चर दिसले. "बाबा, दुखणं पाठीचं नाही. पाठ पुढचं ओझं वाहतेय," ती म्हणाली. मी वाचून झालेले वर्तमानपत्र पुन्हा उघडले.

प्लास्टिक सर्जन बाई कन्नडभाषक होत्या. त्यांच्यासमोर हा मराठीचा मुख्याध्यापक "म्हणजे ते... वरचं अंग जरा..." असे चाचपडू लागला. बाईंनी मला थांबवले आणि हिलाच कन्नडमध्ये विचारले. कन्नडमध्ये 'एदे' म्हणजे छातीही आणि काळीजही. हिचे माहेर गोकाककडचे, शाळा कन्नड. बावीस वर्षांत मला मराठीतून न सांगितलेले तिने तिथे दहा मिनिटांत सांगून टाकले. मी शेजारी बसून ऐकत होतो, आणि सगळे कळत होते.

मग बाईंनी कागदावर चित्र काढले. आधी साधे उपाय: योग्य मापाची, रुंद पट्ट्यांची आतली चोळी, व्यायाम, वजन उतरवणे. हिने चालून आठ किलो उतरवले होते, पण तिथे फारसा फरक नव्हता. लायपोसक्शनमध्ये नळीने नुसती चरबी ओढतात. व्रण लहान राहतात, पण ओघळलेली त्वचा तशीच राहते. मध्यम आकाराला स्तनाग्राभोवती आणि तिथून सरळ खाली छेद पुरतो. हिच्यासारखीला खालच्या घडीतही आडवा छेद लागतो, म्हणजे उलटा टी. स्तनाग्र तोडत नाहीत. रक्तपुरवठ्याच्या मांसल पट्टीसह वर सरकवतात. फारच मोठ्या आकारात मात्र ते काढून पुन्हा बसवावे लागते, मग तिथली संवेदना सहसा राहत नाही आणि अंगावर पाजताही येत नाही. एरवीही संवेदना कमी होऊ शकते, दूध अपुरे पडू शकते. म्हणून तरुण मुलीने वाढ पुरती थांबू द्यावी आणि हा विचार आधी करावा. व्रण जन्मभर राहतात, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होत नाहीत. तंबाखूने जखम भरत नाही, तेव्हा मिश्री लावणाऱ्यांनी ती आधी सोडावी. (आमच्या भागात हे मुद्दाम सांगावे लागते.)

"पण या वयात?" मी बाहेर आल्यावर म्हणालो.

"या वयातच की. आणखी कधी?" ही रिक्षात जाऊन बसलीसुद्धा.

विमा कंपनीने ही सौंदर्याची शस्त्रक्रिया ठरवून हात वर केले. खांद्यांचे फोटो पाठवले, उपयोग झाला नाही. प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढले. आधी मॅमोग्राफी झाली. दिवाळीनंतर पूर्ण भूल देऊन तीन तासांची शस्त्रक्रिया झाली. दोन्हीकडचे मिळून १,३४० ग्रॅम निघाले. तेही तपासणीला पाठवतात, हे मला ठाऊक नव्हते. अहवाल निर्दोष येईपर्यंत माझा शाळेत जीव लागला नाही.

सगळे सुरळीत झाले असेही नाही. डावीकडे दोन छेद मिळतात तिथली जखम भरायला दीड महिना लागला. जड उचलायचे नाही म्हणून कळशी, कुकर, पिठाचा डबा माझ्याकडे आले. माझ्या भाकरीबद्दल न लिहिलेले बरे.

आमच्या शेजारणी 'गाठ होती म्हणे' असे कुजबुजू लागल्या. मी गप्प बसणार होतो. हिने चहाला बोलावून त्यांना सगळे सांगितले. त्यांतली एक जाताना मागे रेंगाळली आणि डॉक्टरीणबाईंचा पत्ता मागून गेली.

परवा ही अंगणात रांगोळी काढत होती. सवयीने मी म्हणालो, "फार वेळ वाकू नकोस."

"अहो, ती पणती तेवढी इकडे सरकवा," ती मान वर न करता म्हणाली.