एक ग्राहक काढताना

दुकानाच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये तीन टेबलं ठरलेली: ग्राहक, बिलं आणि बिलातले आयटम. ती फॉरेन कीने जोडताना डेव्हलपर ‘ऑन डिलीट कॅस्केड’ सर्रास लिहून मोकळा होतो. ग्राहक काढला की त्याची बिलं जातात, बिलांपाठोपाठ आयटम. डेमोत हे सुटसुटीत दिसतं. मार्चअखेरीला मात्र वर्षाची विक्री कमी भरते, आणि एरर तर एकही आलेली नसते.

कॅस्केडला सरसकट नावं ठेवण्यात अर्थ नाही. बिलाशिवाय आयटमला अस्तित्वच नाही, तिथे ते हवंच. बिल मात्र झालेल्या व्यवहाराचा पुरावा आहे. तिथे ‘रिस्ट्रिक्ट’ लावावं, म्हणजे बिलं असलेला ग्राहक काढायला डेटाबेसच नकार देईल.

प्रत्येक डेटाबेसची तऱ्हाही वेगळी. मायएसक्यूएल 8 मध्ये कॅस्केडने गेलेल्या रेकॉर्डवर ट्रिगर चालत नाहीत, त्यामुळे ट्रिगरवर विसंबलेला ऑडिट लॉग कोराच राहतो. पोस्टग्रेस फॉरेन कीच्या कॉलमवर आपणहून इंडेक्स बनवत नाही. एक ग्राहक काढायला बिलांचं अख्खं टेबल चाळलं जातं.

म्हणून बरेच जण खरोखर काही पुसतच नाहीत, ‘काढल्याची तारीख’ तेवढी भरतात. हा डिलीट नसून अपडेट असतो, त्यामुळे कॅस्केड चालत नाही. पण मोबाईल नंबरवर युनिक इंडेक्स असला की नवी अडचण येते. बंद झालेला नंबर मोबाईल कंपन्या किमान 90 दिवस थांबून दुसऱ्याला देऊ शकतात. तो नवा माणूस काउंटरवर उभा राहतो आणि स्क्रीन म्हणते, नंबर आधीच नोंदलेला आहे.

यावर मोबाईल आणि काढल्याची तारीख या दोन्ही कॉलमवर मिळून युनिक इंडेक्स लावला जातो. इथेच खरी गफलत होते. चालू ग्राहकाची तारीख नल असते आणि पोस्टग्रेस दोन नल एकसारखे धरत नाही. म्हणजे एकाच नंबरचे दोन चालू ग्राहक बिनदिक्कत आत येतात. 2022 च्या पोस्टग्रेस 15 पासून नल सारखे धरायला सांगता येतं. त्याहून सरळ उपाय म्हणजे पार्शियल इंडेक्स: तारीख नल असलेल्या रेकॉर्डपुरताच मोबाईल युनिक. हाच वापरावा.

आपल्या स्कीमात ‘कॅस्केड’ हा शब्द एकदा शोधाच. मग बॅकअपच्या प्रतीवर एक ग्राहक काढा आणि कोणत्या टेबलातून किती रेकॉर्ड गेले ते मोजून, तो आकडा दुकानाचा हिशेब पाहणाऱ्याला दाखवा.