इनांडाची वाट

दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताल विद्यापीठात झुलू भाषेच्या वर्गाला बसलो, तेव्हा धास्ती होती ती जिभेच्या चटकाऱ्यांची. त्यांतला पहिला पहिल्याच तासाला जमला. हळहळताना आपण ‘च्च् च्च्’ करतो, तोच आवाज! दुसरा बैल हाकताना गालातून काढतात तसा. तिसरा मात्र बाटलीचं बूच निघाल्यासारखा, टाळूवरून. त्याला तीन आठवडे लागले.

हे आवाज मूळचे खोइसान भाषांचे. ते झुलूत इतके रुजले याचं एक कारण अभ्यासक सांगतात, ते म्हणजे ‘ह्लोनिफा’. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, त्या नावातले उच्चार ज्या शब्दांत येतात तेही टाळायचे. मग परक्या भाषेतला आवाज उपयोगी पडे. मला आजी आठवली. आजोबांचं नाव हरी, म्हणून ती ‘हरिविजय’ला जन्मभर ‘ती पोथी’च म्हणाली.

एका शनिवारी डर्बनहून मिनीबस टॅक्सीनं जवळच्याच इनांडाला निघालो. चढताना ‘सनिबोनानि’ म्हटलं. अर्थ, आम्ही तुम्हां सर्वांना पाहतो. माणूस एकटा असला तरी बोलतो ‘आम्ही’. सगळ्या टॅक्सीतून ‘येबो’ आलं. भाड्याचे पैसे मागून पुढे हातोहात जातात. शेजारच्या गोगोनं, म्हणजे आजीनं, माझे पैसे उजव्या हातात घेतले; डावा हात उजव्या मनगटाखाली धरलेला. सुटे परत आले तेव्हा मीही तसाच हात धरला. ती काही बोलली नाही, नुसती मान हलवली.

याच नातालमध्ये एकोणिसाव्या शतकात ‘फानागालो’ नावाची मोडकीतोडकी बोली तयार झाली. मालकानं नोकराला हुकूम सोडायला ती पुरे. पुढे खाणींतही तीच चालली. 1860 पासून ऊसमळ्यांवर आलेल्या गिरमिटियांनीही, म्हणजे करारबद्ध भारतीय मजुरांनीही, ती उचलली. तिच्यात शब्द बरेचसे झुलूचे, पण ह्लोनिफा नाही, आजीला वाकून बोलणं नाही. शेजाऱ्याशी इतकी वर्षं हुकमाच्या भाषेत बोलल्यावर मनं जुळणार कशी?

शेजाऱ्यांमधलं हे अंतर इनांडात फार जाणवतं. गांधीजींनी 1904 मध्ये वसवलेला फिनिक्स आश्रम आणि जॉन दुबे यांची ओह्लांगे शाळा अगदी जवळजवळ आहेत. दुबे 1903 मध्ये ‘इलांगा लासे नाताल’ हे झुलू वृत्तपत्र काढणारे, 1912 मध्ये आफ्रिकन राष्ट्रीय काँग्रेसचे पहिले अध्यक्ष झालेले. 1985 च्या दंगलीत फिनिक्सचा आश्रम जळाला. आज दिसतं ते नंतर पुन्हा उभारलेलं घर. 1994 मध्ये मंडेलांनी आपलं पहिलं मत ओह्लांगेच्या शाळेतच दिलं, आणि तिथल्या दुब्यांच्या समाधीपाशी ते गेले.

समाधीजवळ एक आजोबा गवत काढत होते. ‘निन्जानी?’ मी विचारलं. एकट्या वडीलधाऱ्यालाही अनेकवचनात, आपल्या ‘कसे आहात’सारखं. ‘सिखोना,’ ते म्हणाले. आम्ही आहोत. विळा खाली ठेवून त्यांनी घरच्यांची विचारपूस सुरू केली. पुण्याची आई झाली, बहीण झाली, तिची मुलं झाली. निघायला उठलो तर म्हणाले, ‘हाम्बा काह्ले’, नीट जा. जाणाऱ्यानं द्यायचं उत्तर वेगळं असतं.

‘सलानि काह्ले, बाबा.’ नीट राहा.